हसताना हिरड्या दिसतात: उपचार करावेत की नाही?

सुरंगी (फोंडा)

मी २९ वर्षांची आहे, प्राथमिक शाळेत शिकवते. हसले की वरच्या हिरड्या पूर्ण दिसतात. आठवीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात माझं काम होतं. विनोदी प्रवेश होता, मला हसायचं होतं. हसले आणि मागच्या बाकांवरून आवाज आला, "घोडी हसली!" त्या दिवसापासून हसू आलं की उजवा हात आपोआप तोंडावर जातो.

यंदा चवथीला माशेलला मोठ्या काकांकडे सगळे जमलो होतो. आरत्या झाल्यावर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली, दरवर्षीसारखा फोटो काढला. संध्याकाळी तो घरच्या ग्रुपवर आला. माझा हात तोंडावर, त्यात नवीन काही नाही. पण माझ्या शेजारी उभी असलेली भावाची सहा वर्षांची मुलगीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसतेय. तिच्या हिरड्या अजिबात दिसत नाहीत. तिने ते माझं पाहून उचललंय. फोटो मोठा करून मी किती वेळ त्या दोन हातांकडेच बघत बसले.

मग चौकशी सुरू केली. एका दवाखान्यात पाच मिनिटांत सांगितलं, लेझरने हिरडी कापू, एका बैठकीत काम होईल. दुसरीकडे बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं. तिसऱ्या ठिकाणी थेट जबड्याचं ऑपरेशन. एका तोंडाला तीन उपाय. आई म्हणते, देवाने दिलंय त्याला हात लावू नये. नवऱ्याची काही तक्रार नाही, तुला हवं तर कर म्हणतो. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे करणं बरोबर आहे का? आणि करायचं तर या तिघांपैकी कोणाचं ऐकू?

रानमाणूस (सत्तरी)

ताई, स्पष्ट लिहितो, रागावू नका. करू नका.

हिरड्या गुलाबी आहेत, घट्ट आहेत, घासताना रक्त येत नाही, तर त्या निरोगी आहेत. निरोगी अवयवाला कात्री कशासाठी? चूक बाकांवरून ओरडणाऱ्या पोरांची, आणि शिक्षा तुमच्या हिरडीला? माझ्या आजीच्या हिरड्या दिसायच्या. शेतात लावणीला बायका रांगेत असल्या की तिचं हसू बांधावरून ऐकू यायचं. तिच्या हसण्यात काही कमी आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण तेव्हा कोणी आपला चेहरा दिवसातून वीस वेळा मोबाइलमध्ये बघत नव्हतं.

आणि भाचीचं म्हणाल, तर ती तुमचा हात बघून शिकली, हिरडी बघून नाही. तो हात खाली घ्यायला डॉक्टर लागत नाही. उद्या तुम्ही हिरडी कापून आलात तर ती काय शिकेल?

शेवंती (म्हापसा)

रानमाणूसदादा, "हात खाली घ्या" हे मला पंधरा वर्षं सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांत एकाच्याही हिरड्या दिसत नव्हत्या.

मी २३व्या वर्षी वरच्या जबड्याचं ऑपरेशन करून घेतलं. माझा वरचा जबडाच उंचीला जास्त होता. ओठ मिटायचे तर हनुवटी आवळावी लागायची. झोपेत तोंड उघडं, सकाळी वरच्या हिरड्या सुकून चामड्यासारख्या. याला नुसता दिसण्याचा प्रश्न कसा म्हणायचं? आधी दीड वर्ष ब्रेसेस, मग पूर्ण भूल देऊन जबडा कापून वर बसवला आणि प्लेटी लावल्या. पहिले काही आठवडे पेज, सूप, ताक. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता आणि वरचा ओठ कितीतरी महिने बधिर होता. सोपं होतं असं मी कोणालाही सांगणार नाही. पण शुद्धीवर आल्यानंतर काही दिवसांनी मी आयुष्यात पहिल्यांदा जोर न लावता ओठ मिटून बसले. ते सुख शब्दांत सांगता येत नाही.

सुरंगी, तुला त्रास होतोय एवढं कारण पुरेसं आहे. बरोबर-चूक ठरवायला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही.

कुळागर

मी हिरड्यांच्या उपचारांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीन ठिकाणी तीन उत्तरं आली, कारण बहुतेक कोणी मोजमापच घेतलेलं नाही. प्रत्येकाने आपल्याकडे जे आहे ते पुढे केलं. हिरडी दिसणं ही खूण आहे. तिच्यामागची कारणं वेगळी असतात, पुष्कळदा दोन कारणं एकत्रही असतात. मोकळं हसताना १-२ मिमी हिरडी दिसणं तर नेहमीचंच आहे. ३-४ मिमीच्या वर गेली की तिला गमी स्माइल म्हणतात.

सुरंगी, आज आरशासमोर पट्टी घेऊन उभी राहा. वरचे मधले दोन दात उंचीला साधारण १० ते ११ मिमी असतात. तुझे ७-८ मिमी आणि चौकोनी दिसत असतील, तर बहुधा दात लहान नाहीत, हिरडीने ते झाकलेत. दात आल्यावर हिरडी हळूहळू मागे सरकत जाते, काहींची अर्ध्यावरच थांबते. अशा वेळी हिरडीचं काम उपयोगी पडतं. पण आत हाड कुठे आहे हे पाहिल्याशिवाय कोणालाही कापू देऊ नकोस. हाडाच्या कडेपासून दाताच्या टोकाच्या दिशेने साधारण ३ मिमी जागा हिरडीला लागतेच. ती न ठेवता कापली तर हिरडी वाढून परत येते, नाहीतर कायम लाल, सुजलेली राहते. हाड फार जवळ असेल तर तेही थोडं मागे घ्यावं लागतं. याला क्राउन लेंग्दनिंग म्हणतात. टाके पडतात, आणि हिरडीची रेषा पक्की व्हायला काही महिने जातात. एक्स-रे आणि प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळीने) मोजणी, हे दोन्ही न करता "एका बैठकीत" म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

दातांची उंची बरोबर भरली तर ओठाकडे बघायचं. हसताना वरचा ओठ साधारण ६-८ मिमी वर जातो. त्याहून फार जास्त जात असेल तर ओठ उचलणारे स्नायू जोरकस आहेत. बोटॉक्स चालतं ते इथे. नाकाच्या बाजूला अगदी थोडी मात्रा दिली की स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांत परिणाम उतरायला लागतो, मग परत इंजेक्शन. मात्रा किंवा जागा चुकली तर ओठ लोंबतो, नाहीतर हसू एका बाजूला तिरकं होतं, आणि उतरेपर्यंत वाट बघण्याखेरीज हातात काही नसतं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना आम्ही देत नाही. ओठाच्या आतली पट्टी काढून तो खाली शिवण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण काही जणांचा ओठ पुढे परत वर चढतो, हे आधी सांगायला हवं.

वरचे दातच खाली उतरले असतील तर ब्रेसेस आणि हाडात बसवलेले छोटे स्क्रू वापरून ते वर नेता येतात. जबडाच लांब असेल तर शेवंतीने लिहिलंय ते. तिथे हिरडी कापून किंवा बोटॉक्स घेऊन मूळ कारण जात नाही.

डिचोलीकर

कुळागर यांनी लिहिलेलं मी तीन वर्षांपूर्वी वाचलं असतं तर बरं झालं असतं. एका खाजगी दवाखान्यात मी लेझरने हिरडी कापून घेतली. एक्स-रे काढला नाही, प्रोब लावला नाही, आरशात दाखवून "इथपर्यंत घेऊ" एवढंच. पहिले दोन महिने फोटोत सुंदर दिसत होतो. सहा महिन्यांत पाच दातांवर हिरडी होती तिथे आली. सहाव्यावर आलीच नाही. तिथे मूळ उघडं पडलंय आणि थंड सोलकढीचा घोट त्या बाजूने घेता येत नाही. परत विचारायला गेलो तर म्हणाले, तुमची हिरडीच तशी आहे.

म्हणून माझं मत रानमाणूस यांच्या बाजूने. दुखत नसेल तर लांब राहा.

शेवंती (म्हापसा)

डिचोलीकर, तुमच्याबाबतीत जे झालं ते वाईटच झालं. पण त्यातून "मोजमाप न करणाऱ्यापासून लांब राहा" असं निघतं. "उपचारापासून लांब राहा" असं कसं निघेल?

खाजन

मध्येच एक गोष्ट. माझ्या आईच्या हिरड्या साठीनंतर अचानक वाढून दातांवर आल्या. ती रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत होती. काही जणांत त्या गोळीने हिरडी वाढते. फिजिशियननी गोळी बदलली, दात साफ करून घेतले, आणि हिरड्या पुष्कळ खाली बसल्या. फिट्सच्या फेनिटॉइननेही असं होतं. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

पेडण्याची आई

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्याही हिरड्या दिसतात, वर्गात चिडवतात. आत्ताच काही करावं का?

कुळागर

आत्ता कापाकापी नको. या वयात हिरडी अजून मागे सरकत असते, जबडाही वाढतोय. दात आणि जबड्याची ठेवण एकदा ऑर्थोडोंटिस्टला, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या दंतवैद्याला, दाखवून ठेवा, कारण ब्रेसेस लागणार असतील तर हे वय चांगलं आहे. आणि चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकेशी बोला, ते उद्यावर टाकू नका.

अबोली

माझं वय ५८. तुझ्याएवढी होते तेव्हा माझं हसू तुझ्यासारखंच होतं. वयाबरोबर वरचा ओठ खाली उतरतो. आता माझ्या हिरड्या दिसतच नाहीत. आणि तरी हात तोंडावर जातो. काल बाजारात मासळीवालीशी बोलताना गेला, पिशवी धरलेला हात. लग्नाच्या एकाही फोटोत मी हसलेली नाही आणि ते फोटो आता परत काढता येणार नाहीत. उपचार कर किंवा करू नकोस, पण हिरडी कमी झाली की हात आपोआप खाली येईल असं धरून चालू नकोस. माझा आला नाही.

शेवंती (म्हापसा)

अबोलीकाकी, अगदी खरं. ऑपरेशननंतर वर्षभर माझाही जात होता. बहिणीला सांगून ठेवलं होतं, गेला की हात धर. ती भर लग्नात धरायची.

रानमाणूस (सत्तरी)

अबोलीकाकींनी माझंच म्हणणं मांडलं. खरं ओझं हाताचं आहे. हिरडीवर वेळ आणि पैसा घालवण्याआधी ते उतरवून बघा. सहा महिने हात खाली ठेवून हसा. नंतरही वाटलं तर जा, मी आडवा येणार नाही. शेवंतीताईंना ओठ मिटता येत नव्हते, ती गोष्ट वेगळी, तिथे मी शब्द मागे घेतो. पण नुसत्या दिसण्यासाठी हाड घासणं मला पटत नाही.

सुरंगी (फोंडा)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री नवऱ्याला पट्टी धरायला लावली. मोकळं हसले तर हिरडी ५ मिमी. मधले दात ८ मिमी, दोन्ही सारखे. ओठ जोर न लावता मिटतात. म्हणजे कुळागर म्हणतात त्यातलं पहिलं कारण असावं, जबड्याचा संबंध कमी. तिसऱ्या ठिकाणी सांगितलेलं ऑपरेशन डोक्यातून काढलं.

रानमाणूसदादा, सहा महिने थांबायचं तुमचं म्हणणं मी अर्धं घेते. हात आजपासून खाली. वर्गात सकाळी एकदा जमलं, मधल्या सुट्टीनंतर दोनदा गेला. पण तपासणीसाठी थांबणार नाही. दिसण्यासाठी असलं तरी ते मला हवंय, आणि हे लिहिताना आता लाज वाटत नाही.

बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात गेले तर कोणत्या विभागात दाखवू?

कुळागर

आधी ओपीडीत केस पेपर काढ, मग पेरिओडॉन्टिक्सला, म्हणजे हिरड्यांच्या विभागात, पाठवा म्हणून सांग. हाड कुठे आहे ते मोजून दाखवायला सांग आणि तो आकडा लिहून घे. हिरडी परत वाढण्याची शक्यता किती, हेही तोंडावर विचार. सकाळी लवकर पोचलेलं बरं.

डिचोलीकर

पणजीला बदलून मडगावची बस घ्या, पण विनाथांबा शटलमध्ये चढू नका. आणि तिथे माझ्यासारख्याचं उघडं मूळ झाकून देतात का, तेवढं विचारून याल का?

सुरंगी (फोंडा)

विचारते. मंगळवारी जातेय.