सुपरकार घेणारा माणूस फक्त मिरवायलाच घेतो का?

भोसरीकर
माझ्याकडे लॅम्बोर्गिनी हुराकान आहे, सेकंडहँड. भोसरीत वडिलांपासूनचं मशीन शॉप आहे, त्यातून आणि कर्ज काढून घेतली. घेतल्यापासून एकच ऐकतोय, 'मिरवायला घेतलीस'. मिरवायचंच असतं तर बंगला बांधून वास्तुशांतीला हजार पानं उठवली असती, सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं असतं. बंगल्याला, सोन्याला, लग्नाच्या खर्चाला कोणी 'काय गरज होती' विचारत नाही, गाडीला विचारतात. मला ते इंजिन हवं होतं. ५.२ लिटर व्ही१०, टर्बो नाही, ८००० आरपीएमकडे जाताना पाठीमागून जो आवाज येतो तो अंगात भरतो, काटा येतो. आणि ते आता बंद झालं, पुढची टेमेरारिओ टर्बो व्ही८ हायब्रिड आहे.

पण एकटं पडायला होतं हेही खरं. नाशिक फाट्यापाशी बाईकवाले एका हातात मोबाईल धरून शूटिंग करत अगदी दाराला चिकटून चालतात, कोणी पडेल या भीतीने माझाच जीव वरखाली होतो. पोरं हात करतात ते छान वाटतं. चुलतभावाने मात्र मुलीच्या साखरपुड्याला 'ती गाडी नको आणूस' म्हणून मुद्दाम फोन केला. शॉपवर तर नेतच नाही, तिथे स्विफ्ट.

विमाननगरची
दादा, तुमचा आनंद खरा असेल, पण रस्ता सगळ्यांचा आहे. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शने दोन तरुण इंजिनिअर उडवले, गाडीचं रजिस्ट्रेशनसुद्धा पूर्ण नव्हतं आणि चालवणारा अल्पवयीन. त्यानंतर रात्री असा आवाज आला की आमच्याकडे आधी छातीत धस्स होतं. एक्सप्रेसवेवर लिमिट १०० आहे, घाटात त्याहून कमी. मग ६०० च्या वर हॉर्सपॉवर वापरता कुठे? उरतो तो आवाज, आणि तो आम्ही ऐकायचा.

जुना_दादरकर
ताई, राग समजतो, पण तो नियम मोडणाऱ्यावर हवा. सचिनची फेरारी आठवा. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून फेरारीची तेव्हाची मालक फियाटने ३६० मोडेना दिली, २००२ मध्ये फेरारीचा रेसर शूमाकरच्या हातून. त्याची गाडी बघून कोणी नाक मुरडलं नाही, आम्हाला तर घरात फेरारी आल्यासारखं झालेलं. बोंब झाली ती सरकारने कस्टम ड्युटी माफ केली तेव्हा, कोर्टात गेलं, शेवटी फियाटने ड्युटी भरली आणि विषय मिटला. २०११ मध्ये ती सुरतेला विकली गेली तेव्हा हळहळलो. लोकांना गाडी खुपत नाही, सवलत खुपते. म्हणून टॅक्स वाचवायला पुद्दुचेरीची नंबरपाटी लावून इथे वर्षानुवर्षं फिरणारे मला अजिबात पटत नाहीत. इथल्या रोड टॅक्सला वरची मर्यादा आहे, २०२५ मध्ये २० ची ३० लाख झाली, तीन-चार कोटींच्या गाडीला तेवढं भरायला काय जातं?

भोसरीकर
माझी एमएच १४ आहे, टॅक्स इथेच भरलाय.

गॅरेजवाला
मी अशा गाड्यांवर काम करतो. बऱ्याचशा बेसमेंटमध्ये कव्हरखाली, बॅटरीला चार्जर लावून पडलेल्या असतात. रविवारी पहाटे निघतात, ऊन चढायच्या आत परत. मालकाचं लक्ष रस्त्याच्या मजेत कमी, स्पीडब्रेकरवर जास्त, लिफ्टचं बटण दाबून नाक वर घ्यायचं, तिरकी चढवायची, तरी खालून घासल्याचा आवाज आला की चेहरा उतरतो. बंपरला ओरखडा पडला म्हणून रात्रभर न झोपलेले बघितलेत. एवढी धास्ती घेऊन कसला आनंद, मला तरी कळत नाही.

विमाननगरची
भोसरीकर, एक विचारते, राग मानू नका. कष्टाची आहे, टॅक्स भरलाय, मग कामगारांपासून लपवता का? ज्यांच्या हाताने ती आली त्यांच्यासमोर नेता येत नसेल तर तुमचं तुम्हालाच कुठेतरी पटलेलं नाही.

भोसरीकर
लपवतो कारण दिवाळीच्या तोंडावर हिशोब निघतो. मंदीत ओव्हरटाईम बंद केला होता, ते कोणी विसरलेलं नाही आणि विसरूही नये. पण तुमचं बोलणं लागलं. खंडेनवमीला शॉपमध्ये सगळ्या मशीनची पूजा असते, यंदा तिथे नेतो. हार तिथेच घालीन, बसून बघायचंय त्याने बसावं, चालवायचीय त्याला शेजारी बसून चालवू देईन.

विमाननगरची
जरूर न्या. फक्त बोनसचा आकडा त्याच्या आधी सांगा.