मदत हवी आहे: जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलच्या (मोठ्या चर्चच्या) जुन्या आराखड्याचं स्केल कसं धरायचं?

पश्चिम दर्शनी भागाचं मूळ मध्ययुगीन रेखाटन चर्मपत्रावर, साधारण 4 मीटर उंच. त्याचा एक अर्धा भाग 1814 मध्ये डार्मस्टाटला, दुसरा 1816 मध्ये पॅरिसला सापडला. 1880 मध्ये पूर्ण झालेले मनोरे 157 मीटरचे. भागाकार केला तर 1:39 च्या आसपास येतं, पण ते फसवं वाटतं: चर्मपत्र दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, तेही आडवं-उभं सारखं नाही. शिवाय मनोऱ्यांच्या बांधकामाचा वरचा भाग 19व्या शतकातला.

मॉडेलसाठी बेसलाइन (स्केल काढायला आधार धरायचं अंतर) कुठली घ्यावी? मध्ययुगातच बांधलेल्या दक्षिण मनोऱ्याच्या तळातल्या खांबांचं मध्य-ते-मध्य अंतर (वर 1868 पर्यंत लाकडी क्रेन उभी होती तोच मनोरा)? आडवं आणि उभं स्केल वेगळं काढावं का? रेखाटनाच्या दोन अर्ध्यांच्या जोडाजवळच्या रेषा सरकल्या तर दुरुस्ती कशी करता?