मदत हवी आहे: आइस हॉकीत उजव्या शॉटचा खेळाडू एकच, पॉवर प्लेवर उभा कुठे करू?

मंडळी, संघात चांगल्या शॉटचे नऊ जण आहेत, पण उजव्या शॉटचा (स्टिकचं पातं उजवीकडे धरून मारणारा) एकच. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असताना, पहिलं युनिट (पाच जण) १-३-१ लावतो: ब्लू लाइनवर (आक्रमणाच्या भागाच्या सीमेवर) एक, नेटच्या दोन्ही बाजूंच्या आखलेल्या सर्कलमध्ये एकेक, त्यांच्या मधे बंपर (झटपट पास घेऊन मारणारा किंवा पुढे देणारा), नेटसमोर एक. साधारण ७० सेकंद पहिलं युनिट, उरलेला वेळ दुसरं.

उजव्या शॉटवाला सध्या डाव्या सर्कलमध्ये आहे, म्हणजे एनएचएलमधल्या गोलवीर ओव्हेच्किनची जागा. स्टिकचं पातं मैदानाच्या मध्याकडे राहतं, म्हणून उजवीकडून आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. पण बचाव करणाऱ्या चौघांच्या चौकोनातला एक जण त्यालाच चिकटतो. मग पक (खेळाची चकती) बंपरकडे जातो, आणि तो डाव्या शॉटचा! उजवीकडून आलेला पास त्याला आधी अडवावा लागतो, तेवढ्यात गोली सरकून शॉटच्या अगदी समोर उभा राहतो.

दोन पर्याय दिसतात. एक, उजव्या शॉटवाल्याला बंपर करायचं. मग डाव्या सर्कलमधला थेट शॉट हातचा गेला. दुसरा, सगळी मांडणी उलटी करायची: पक डाव्या भिंतीपाशी, मारणारा डाव्या शॉटचा उजव्या सर्कलमध्ये. बंपरलाही तेव्हा पास योग्य बाजूने येतो. मला हाच बरा वाटतो, फक्त डाव्या भिंतीपाशी डाव्या शॉटवाल्याचं पातं भिंतीकडे राहतं, त्यामुळे आडवा लांब पास अडतो आणि मधेच तुटला तर मागे एकटा डिफेन्समन, समोर दोघे.

उलटी मांडणी कुणी चालवली आहे का? तो आडवा पास थेट देता की ब्लू लाइनवरून फिरवता?