साडेचार वर्षांच्या मुलीला घरी मराठी वाचन आणि अंक कसे शिकवावेत?

चिऊची_आई:
मुलगी ज्युनिअर केजीत आहे, इंग्रजी माध्यम. शाळेत एबीसीडी जोरात चालू आहे पण मराठी वाचायला मलाच शिकवायचंय. भिंतीवर तक्ता लावलाय, क कमळाचा पासून ज्ञ पर्यंत धडाधड म्हणते, पण कागदावर 'कमळ' लिहिलं की नुसती बघत बसते. आकड्यांचंही तेच, पन्नासपर्यंत म्हणते आणि सात चमचे आण म्हटलं तर मूठभर घेऊन येते. सासूबाई म्हणतात पाटी आणून गिरवून घ्या, मला ते आत्ताच नको वाटतंय. रोज अभ्यासाला बसवावं का?

बालवाडीताई:
बसवू नका हो, अजून वेळ आहे. नवीन शैक्षणिक धोरणातसुद्धा ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय.
तिला तक्ता पाठ झालाय, आवाज सुटे करता येत नाहीयेत एवढंच. आधी कान तयार करा. स्वयंपाक करताना विचारायचं, म ने सुरू होणारं घरात काय काय आहे? मीठ, मिरची, मावशी. मग शब्दांच्या भेंड्या, त्यात शेवटचा आवाज पकडावा लागतो (ळ आला की ल घ्यायचा). हे जमलं की अक्षरं घ्या पण तक्त्याच्या क्रमाने नको, क ख ग घ ङ मधून मुलांच्या ओळखीचा शब्दच होत नाही. न म र क घ ळ एवढी सहाच घ्या, नळ, घर, कमळ लगेच वाचता येतं, आणि नुसता काना शिकवला की मामा, काका, नाक, कान, माळ! स्वतःहून शब्द वाचला की मूल अख्ख्या घराला वाचून दाखवत सुटतं, तो आनंद त्या वयात मिळायलाच हवा. वेलांटी, उकार सावकाश. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात देऊ नका.
गिरवणं आत्ता नकोच. ताटात रवा पसरा आणि बोटाने अक्षर काढू दे, कणकेच्या वळ्या करू दे, बोटांत ताकद आली की पेन्सिल.

चिंचोके:
आकड्यांबद्दल लिहितो. म्हणणं आणि मोजणं वेगळं आहे. एका वस्तूला बोट लावलं की एकच आकडा, आणि शेवटी म्हटला तो आकडा म्हणजे सगळ्या मिळून किती, हे कळायला वेळ लागतो. मोजून झालं की "मग किती?" विचारून बघा, पुन्हा एकपासून मोजायला लागली तर अजून कळलेलं नाही, रागवायचं नाही, ५ च्या आतच खेळायचं. पानं मांडायला सांगा, माणशी एक वाटी. सापशिडी बेस्ट, फाशावरचे ठिपके न मोजता ओळखायला लागतात. साहित्य विकत आणायची काहीच गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा शंख, शिंपले, बिया असल्या आसपासच्या वस्तूंवरच काम केलं होतं.
वीसच्या पुढे घाई नको. एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला, पण मुलांची ही अडचण खरीच आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून रबर लावा, दोन गठ्ठे आणि एक सुटी, हातात धरलं की डोक्यात बसतं.

चिऊची_आई:
खूप थँक्यू दोघांना, भेंड्या आजच सुरू करते. एक राहिलं, शाळेत इंग्रजी आकडे आहेत आणि आपला ४ तिला इंग्रजी आठ वाटतो. दोन्ही एकदम शिकवू का?

चिंचोके:
लिहायला शाळेतलेच राहू दे. मराठी अंक फक्त ओळखायला, कालनिर्णय भिंतीवर असेलच, रोज सकाळी आजची तारीख तिला शोधायला सांगा.