लिस्बनला पाच दिवस: काशियशचा तुरुंग आणि पेनिशचा किल्ला कसा जमवू?

सावईची नात

मी फोंडा तालुक्यातली, सावई-वेरे इथली. गेलं दीड वर्ष जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते आहे. आतापर्यंत प्राग पाहिलं (एल्बेच्या काठाकाठाने गाडी जाते, अडीच तास कसे गेले कळलं नाही), बर्लिन पाहिलं, नाताळात व्हिएन्ना. आता ईस्टरच्या सुट्टीत बरोबरच्या मुली बुडापेस्टला चालल्या आहेत. मला मात्र लिस्बनला जायचंय. एकटीच जाईन.

कारण सांगते. माझे आजोबा ८१ वर्षांचे आहेत. लहानपणी ते सावईला रानडे मास्तरांकडे मराठी शिकले. मास्तर म्हणजे मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, आमच्या गावी शिक्षक म्हणून आले ते गोवामुक्तीच्या कामासाठी. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात त्यांना गोळी लागली, पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालला काशियशच्या तुरुंगात नेलं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला, मास्तर सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मुक्तिदिनाला झेंडा लावून घरी आले की आजोबा दरवर्षी हा हिशेब मांडतात. आम्ही सुटलो आणि मास्तर आणखी सात वर्षं आत, असं म्हणतात आणि मग बराच वेळ बोलत नाहीत.

मला जर्मनीत प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्यांनी फी विचारली, थंडी विचारली. आजोबांनी विचारलं, "तिथून पोर्तुगाल किती लांब?"

तर विचारायचं असं:
काशियशला आत जाऊ देतात का? पेनिशच्या किल्ल्यातही गोव्याचे कैदी ठेवले होते, तिथे लिस्बनहून एका दिवसात जाऊन येता येईल का? माझ्याकडे जर्मनीचं निवासी कार्ड आहे, वेगळा व्हिसा लागणार नाही ना? जेवणखाण, राहणं धरून ४०० युरो बाजूला काढले आहेत, विमानाचं तिकीट वेगळं.

मडगावकर, सध्या लिस्बन

व्हिसा लागणार नाही. शेंगेन, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकाचं निवासी कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ असले की १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत दुसऱ्या शेंगेन देशात फिरता येतं. कार्डाची मुदत तेवढी तपासून घे.

काशियशला आत जाता येणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तिथे जाऊन मन खट्टू व्हायला नको. तो तुरुंग अजून चालू आहे, आजही कैदी आहेत. बाहेरच्या रस्त्याने जा, पण फाटकासमोर मोबाइल धरून उभी राहू नकोस. काइश दु सोद्रे स्थानकावरून कश्काइशकडे जाणारी लोकल पकड. सगळ्या गाड्या काशियशला थांबत नाहीत, फलक वाचूनच चढ. डाव्या बाजूच्या खिडकीला बस, सगळा वेळ तेजो नदी सोबत असते. उतरल्यावर चढ आहे. मी गेलो तेव्हा वरून मागे वळून बघितलं तर खाली नदीचं मुख आणि पुढे उघडा समुद्र. आत बसलेल्याला यातलं काय दिसत असेल, हे डोक्यात आलं आणि मी तसाच परत फिरलो.

म्हणून सांगतो, आल्जूब चुकवू नकोस. आपल्या जुन्या गोव्यात आहे तसं इथेही से कॅथेड्रल आहे, त्याला लागूनच ही इमारत. हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून संग्रहालय आहे. तिथे एकांतकोठड्या जशा होत्या तशा उभ्या करून ठेवल्यात. रुंदी एक मीटर, लांबी दोन मीटर, पाडता-उचलता येणारी फळी हेच अंथरूण. दोन्ही हात पसरता येत नाहीत. कैदी त्यांना 'कुर्रुश' म्हणत, म्हणजे बैलांच्या झुंजीआधी बैल कोंडतात ते कोंडवाडे. रानडे काशियशला होते, पण एकांतवास म्हणजे काय ते तुला इथे कळेल.

लिस्बनचाच बेलेम हा भाग त्याच लोकलच्या वाटेवर आहे. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. काशियशहून परत येताना उतर.

निवृत्त शिक्षक, फोंडा

बाळ, वाचून फार बरं वाटलं. आजोबांना माझा नमस्कार सांग.

पेनिशला गेलीस तर डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांची आठवण ठेव. तेही शिकायला युरोपात गेलेले, पॅरिसला वीज अभियांत्रिकी शिकले, १९२६ मध्ये परत आले आणि १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती काढली. १९४६ मध्ये त्यांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पेनिशला पाठवलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही त्याच किल्ल्यात होते. पेनिशला धाडण्याआधी कुन्हांना इथे गोव्यात, आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं होतं. आग्वादचा तुरुंग तू शाळेच्या सहलीत पाहिला नसशील, कारण तो पाहण्यासाठी खुला झाला २०२१ मध्ये. इकडे येशील तेव्हा आजोबांना घेऊन तिथे जा. दोन्ही ठिकाणं एकाच माणसाने पाहिलेली असावीत असं मला वाटतं.

रानड्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके किती झटले हे तुला ठाऊक असेल. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोपना भेटले, तेव्हा त्यांनीही हाच शब्द टाकला होता. हे आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हतं. मी वर्गात तोंडीच सांगत असे.

कुडचड्याची, पूर्वी बेल्जियम

अगं, ईस्टरला जाऊ नकोस! पोर्तुगालात संग्रहालयं सहसा सोमवारी बंद, शिवाय ईस्टरच्या रविवारीही बरीचशी बंद. पाचांतले दोन दिवस असेच जातील. जमलं तर तारीख पुढे ढकल आणि २५ एप्रिल धर. १९७४ साली त्याच दिवशी तिथली हुकूमशाही कोसळली आणि दोन-तीन दिवसांत काशियश आणि पेनिशचे राजकीय कैदी सुटले. लिस्बनच्या मोठ्या रस्त्यावर त्या दिवशी मिरवणूक असते, म्हाताऱ्या बायकासुद्धा हातात लाल कार्नेशन घेऊन चालतात. मी शिकत असताना होते त्या गर्दीत. शेजारच्या आजींनी मला एक फूल दिलं. मी गोव्याची म्हटल्यावर त्यांनी माझा हात सोडला नाही.

पेनिश एका दिवसात होतं. रेल्वे नाही, बसने जावं लागतं, दीड तास धर. किल्ला थेट समुद्रावर आहे. वाऱ्याने कानठळ्या बसतात, कानटोपी ने. एप्रिल म्हणून फसू नकोस. तुरुंगाचं आता राष्ट्रीय संग्रहालय झालंय, २०२४ च्या २७ एप्रिलला उघडलं. याच किल्ल्यातून १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते आल्व्हारु कुन्याल नऊ साथीदारांसह निसटले होते. खाली खडकांवर लाटा आपटताना बघितल्या की ते किती अवघड होतं ते समजतं.

आणि विमानाचं नीट ऐक. स्वस्तातल्या काही कंपन्या आपल्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काउंटरवर आधी तपासून घ्यायला लावतात. मला ठाऊक नव्हतं, मी सरळ गेटवर गेले, त्यांनी परत पाठवलं आणि धावत येईपर्यंत विमान गेलं. नवीन तिकीट काढून महिन्याचा खर्च गेला, स्थानकावर बसून रडले होते. तू तिकिटाच्या अटी आजच वाच आणि विमानतळावर दोन तास आधी पोच.

४०० युरोत पाच दिवस निघतील, हॉस्टेलला स्वयंपाकघर असेल असं बघ.

सावईची नात

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख बदलली. २२ ते २६ एप्रिल. दोन तास बुडतील, ते मैत्रिणीच्या वहीवरून भरून काढीन. पहिला दिवस आल्जूब, दुसरा काशियश आणि येताना बेलेम, चोविसला पेनिश, पंचवीसला मिरवणूक. सर, आग्वादला आजोबांना नक्की नेणार, त्यांचे गुडघे दुखतात पण गाडी वरपर्यंत जाते ना, ते भावाला विचारते.

काल रात्री घरी फोन केला. काशियशला आत सोडत नाहीत हे आजोबांना कसं सांगू, असं वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्थानकाचं नाव तीनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. गाडी कुठल्या बाजूने नदी दाखवते तेही लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, किती वाजता सुटते ते ठरलं की मला कळव, तेव्हा मी इथे जागा असेन.