मदत हवी आहे : पाच आठवड्यांत वाढलेलं हिमोग्लोबिन म्हणजे 'अनुकूलन' का?

उंबरठा

मुलीने मला कोंडीत पकडलंय आणि दोन दिवस झाले तरी धड उत्तर सुचत नाहीये, म्हणून इथे विचारते.

झालं असं, की कामानिमित्त मला पाच आठवडे साधारण चार हजार मीटर उंचीवर राहावं लागलं. निघण्याआधीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १३.२ होतं. पहिले तीन-चार दिवस हाल झाले. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागायची. रात्री झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग यायची, आणि लघवीला तर सारखंच उठावं लागायचं. दुसऱ्या आठवड्यापासून जीवात जीव आला. शेवटी शेवटी त्याच चढावर पाठीला सामान लावून गप्पा मारत चालत होते. खाली आल्यावर तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर १५.४. मी खूश. दोन महिन्यांनी परत तपासलं तर १३.४. खुशी संपली.

लेक नववीत आहे. हे दोन्ही कागद हातात धरून म्हणाली, "आई, सजीव परिस्थितीशी जुळवून घेतात त्याला अनुकूलन म्हणतात ना? मग तुझं अनुकूलन झालं होतं आणि आता ते गेलं?" मी आपलं "हो, तसंच काहीसं" म्हणून मोकळी झाले. तिथेच चुकलं. लगेच पुढचा प्रश्न आला : "मग निवडुंगाला रोज भरपूर पाणी घातलं तर काटे जाऊन पानं येतील?" आणि त्याच्यावर कडी म्हणजे : "मी तू तिथून आल्यावर झाले असते तर माझं रक्तही जास्त लाल असतं का?"

निवडुंगाला पानं येत नाहीत एवढं मला कळतं. पण का येत नाहीत? माझं रक्त दोन महिन्यांत परत पहिल्यासारखं होतं आणि निवडुंग काटे सोडत नाही, तर दोघांना एकच शब्द कसा? आणि जे लोक पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतात त्यांच्या शरीरात माझ्यासारखंच झालंय, फक्त कायमचं, असं समजायचं का? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. मुलीला समजेल इतपत सोपं हवं, पण 'मोठी झालीस की कळेल' छापाचं नको.

गोगलगाय

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अंगवळणी पडतं, दुसरं अंगातच असतं. सविस्तर कोणीतरी लिहीलच, मी वाचतेय.

खडूफळा

उंबरठाताई, लेकीला शाबासकी द्या. निवडुंगाचा प्रश्न लाखमोलाचा आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय आणि 'अनुकूलन' हा शब्द दोन नोकऱ्या करतो ही माझी जुनी तक्रार आहे. मी वर्गात पहिल्या प्रकाराला 'सरावणं' म्हणतो आणि दुसऱ्याला 'घडण'. तुमचं शरीर सरावलं. निवडुंगाची घडणच तशी आहे.

आधी तुमचं बघू. वर गेल्यावर हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. पहिलं काम फुप्फुसांनी केलं : श्वास वाढवला. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडला आणि रक्त थोडं अल्कधर्मी झालं. ते सावरायला मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकायला सुरुवात केली. रात्री उठायला लागत होतं त्याचं मोठं कारण हेच. वैताग आला असेल, पण शरीर नीट काम करत होतं! झोपेत श्वास अडकणंही याच ओढाताणीतलं. प्राणवायू कमी म्हणून मेंदू 'घे' म्हणतो आणि कार्बन डायऑक्साइड कमी म्हणून 'थांब' म्हणतो.

आता रक्त. पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा वाढतो तो बराचसा फसवा असतो. रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून आहे तेच रक्त दाट दिसतं. खरी वाढ मागून येते. आपल्या पेशींत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होतं आणि प्राणवायू पुरेसा असला की लगोलग नष्टही केलं जातं. प्राणवायू घटला की ते टिकून राहतं, मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते. संप्रेरक काही तासांत वाढतं, पेशींची संख्या वाढायला मात्र आठवडे लागतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. खाली आलात, प्राणवायू मुबलक झाला, संप्रेरक उतरलं. जुन्या पेशी आयुष्य संपवून गेल्या, नव्या कमी बनल्या. म्हणून १३.४.

लेकीला असं सांगा : पंख्याचा रेग्युलेटर तुला माझ्याकडून मिळालाय. मी तो पाच आठवडे पाचवर ठेवला होता म्हणून तुझा पंखा पाचवर सुरू होणार नाही. निवडुंगाचे काटे ही रूपांतरित पानंच आहेत, पण त्यांना असा रेग्युलेटरच नाही. काट्यांचा आराखडा बियांतून येतो. पाणी घालून घालून मुळं कुजतील, पानं येणार नाहीत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलटं आहे, आणि मला ते फार आवडतं. तिबेटी लोक तुमच्याच उंचीवर राहतात, पण त्यांचं हिमोग्लोबिन सहसा फार वाढलेलं नसतं. समुद्रसपाटीवरच्या माणसाच्या आसपासच असतं! दाट रक्त ढकलताना हृदयावर ताण येतो. पाच आठवडे चालून जातं, आयुष्यभर महागात पडतं. त्यांच्यात ईपीएएस१ या जनुकाचं एक वेगळं रूप सर्रास आढळतं आणि ते ही वाढ आवरून धरतं. २०१० मध्ये हे पुढे आलं, आणि २०१४ मध्ये दिसलं की हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाशी झालेल्या संकरातून आलेलं आहे. म्हणजे तुमच्या शरीराने जी धावपळ केली, तीच टाळणं ही त्यांची घडण. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या लोकांचं हिमोग्लोबिन मात्र चढंच असतं. डोंगर तसाच, वाट वेगळी.

तांबडंफुटलं

खडूफळा सर, +१. रेग्युलेटर उचलतोय.

मला एकच भर घालायची आहे. सरावणं कुठलं आणि घडण कुठली हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी दोघांना एका जागी वाढवून बघावं लागतं. क्लाउसेन, केक आणि हीसी या तिघांनी गेल्या शतकात कॅलिफोर्नियात हेच केलं. यॅरो नावाची रानटी वनस्पती समुद्राकाठी उंच वाढते, सिएरा नेवाडा पर्वतात वरवर जावं तशी बुटकी होत जाते. कोणीही म्हणेल, थंडीमुळे खुरटली. त्यांनी वेगवेगळ्या उंचीवरचं बी आणून एकाच बागेत लावलं. उंचावरची झाडं तिथेही बुटकीच राहिली.

अवांतर : पट्टकादंब हंसांचंही तसंच. हिमालय ओलांडणारा पक्षी, त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरतं. सपाटीवर पाळून वाढवलेल्या पट्टकादंबातही ते तसंच असतं.

गोगलगाय

मग उंट कशात बसवायचा? पुस्तकात तो नेहमी निवडुंगाच्या शेजारी असतो.

खडूफळा

दोन्हीकडे, आणि म्हणून तो माझा लाडका. मदारीत पाणी नसतं, चरबी असते, ती घडण. पण श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात सहारात उंटांचं तापमान मोजलं तेव्हा गंमत दिसली. प्यायला पाणी मिळत असलेल्या उंटाचं तापमान दिवसभरात साधारण दोनेक अंशच वर-खाली व्हायचं. तहानलेला उंट मात्र पहाटे ३४ अंशांवर उतरायचा आणि दुपारी ४० च्या पुढे जायचा. घाम वाचवायला तो स्वतःला तापू देतो. तापू देण्याची क्षमता ही घडण, तहान लागल्यावरच ती वापरणं हे सरावणं.

पाणवठा

सगळं छान चाललंय, पण दोनच कप्पे करू नका. मध्ये एक तिसरा आहे. तळ्यातली पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आहे का कोणी? काचेसारखं आरपार अंग, आतलं हृदय धडधडताना दिसतं. तिला खाणाऱ्या किड्यांचा वास पाण्यात असेल तर काही जातींत वाढताना डोक्यावर टोकदार शिरस्त्राण तयार होतं आणि गिळायला अवघड होते. वास नसेल तर डोकं गोल. या बऱ्याचदा नराशिवाय प्रजनन करतात, त्यामुळे बहिणी-बहिणींची जनुकं तंतोतंत सारखी, तरी एक टोकदार आणि एक गोल. इथे रेग्युलेटर आहे, पण तो मुख्यतः वाढीच्या वयात फिरतो.

आणि उंबरठाताई, जरा सांभाळून सांगतो. १९९९ मध्ये असं दिसलं की आई पाणपिसूला वास लागला असेल तर पुढे पिल्लं स्वच्छ पाण्यात वाढली तरी त्यांचं शिरस्त्राण मोठं होतं.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सरावणं' आणि 'घडण' तिला चटकन पटलं. निवडुंगाचा निकाल लागला, तिबेटवर तर ती पाच मिनिटं गप्प बसली. आमच्या घरात हे फार क्वचित होतं. मग म्हणाली, "म्हणजे तुझं शरीर घाबरलं होतं, त्यांचं घाबरत नाही."

पाणवठा यांचा शेवटचा परिच्छेद मी अजून वाचून दाखवलेला नाही. पाणपिसूत आईमुळे पिल्लात फरक पडतो, मग माणसात का नाही, हे ती विचारणारच. त्यात जनुक न बदलता आईच्या शरीरातून अंड्यापर्यंत नेमकं काय पोचतं, हे कोणी नववीच्या पातळीवर सांगू शकेल का? रविवारपर्यंत मिळालं तर बरं होईल.