विलोच्या सालीला ‘नैसर्गिक ॲस्पिरिन’ म्हणणं थांबवा

रानवेल (धागाकर्ती): विलो या झाडाच्या सालीचा अर्क ‘नैसर्गिक ॲस्पिरिन’ म्हणून खपवला जातो, ते मला खटकतं. सालीत ॲस्पिरिन नसतंच. त्यात असतं सॅलिसिन, आणि सॅलिकॉर्टिनसारखे त्याचे भाऊबंद. आतड्यात त्यांचं सॅलिजेनिन होतं आणि यकृतात त्याचं सॅलिसिलिक आम्ल. म्हणजे खरं औषध शरीरच बनवतं, तेही सावकाश.

आता हिशोब बघा. दिवसाला २४० मिग्रॅ सॅलिसिन घेतलं, तर रक्तातलं सॅलिसिलेट (त्याच आम्लाचं रूप) जेमतेम ८७ मिग्रॅ ॲस्पिरिनइतकं भरतं. एवढ्याशाने कंबरदुखी हटायला नको. तरी २००० साली प्रसिद्ध झालेल्या २१० रुग्णांच्या चाचणीत चौथ्या आठवड्यात २४० मिग्रॅ घेणारे ३९ टक्के लोक वेदनामुक्त होते, १२० मिग्रॅवाले २१ टक्के, आणि नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणारे ६ टक्के. माझ्या मते उरलेलं काम सालीतली बाकीची फिनॉलिक द्रव्यं करतात, म्हणजे फ्लेव्होनॉइड आणि टॅनिन ही वनस्पतीतली रसायनं.

सरळरेषा: ‘माझ्या मते’ इथेच घोडं अडतं. फ्लेव्होनॉइड काचेच्या बशीत दाह कमी करतात, पण माणसाच्या रक्तात ते किती पोचतात? आणि कुठली साल? पांढऱ्या विलोत सॅलिसिन अनेकदा एक टक्क्याच्याही आत, जांभळ्या विलोत त्याच्या कितीतरी पट. ब्युखनर यांनी १८२८ मध्ये सॅलिसिन वेगळं काढलं ते मोजून देता यावं म्हणूनच ना? मग परत सालीकडे का जायचं?

रानवेल: तुमचा आक्षेप भुकटीला लागू पडतो, प्रमाणित अर्काला, म्हणजे ज्यात सॅलिसिनचं प्रमाण ठरलेलं असतं त्याला, नाही. युरोपीय औषध संस्थेने कंबरदुखीवर अल्पकाळ घेण्यासाठी असा कोरडा अर्क मान्य केलाय.

औषधपेटी: तुमच्या दोघांच्या वादात जीवावरची गोष्ट राहून जातेय. ॲस्पिरिनमधला ॲसिटिल गट (रेणूचा एक भाग) प्लेटलेटमधलं, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींमधलं, एन्झाइम कायमचं बंद करतो, म्हणून हृदयरुग्णाला ते देतात. सॅलिसिनमध्ये तो गटच नाही. ‘नैसर्गिक’ शब्दाला भुलून कुणी हृदयाची गोळी सोडून साल घेतली, तर ते संरक्षण गेलंच. उलट ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्याला सालही बाधू शकते. मुलांना देऊ नका, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत घेऊ नका, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रानवेल: शंभर टक्के मान्य. पाकिटावरचं ‘ॲस्पिरिन’ जावं असं म्हणते ते याचसाठी.

सरळरेषा: पाकिटाबद्दल माझीही हरकत नाही. पण ‘बाकीची फिनॉलं काम करतात’ हे मी अजून मानत नाही. एका गटाला अख्खा अर्क आणि दुसऱ्याला तेवढंच शुद्ध सॅलिसिन द्या, वेदनेत फरक दाखवा. दिसला तर मी बाजू बदलेन.